दुतोंडी आंकडा

आम्हां नाशिककरांना गोदावरीचा पूर आंकड्यांत सांगितलेला कळत नाहीं. गंगापूर धरणांतून अमुक हजार क्युसेक पाणी सोडलें, असें वर्तमानपत्रांत छापून आलें तर तें वाचून आम्ही पान उलटतों. परंतु 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलें' हे पांच शब्द कोणाच्या तोंडून निघतांच गोदाघाटावरचे दुकानदार माल हलवूं लागतात, आणि तेथून तीन कोसांवर, नाशिक रोडला जेल रोडवरील आमच्या घरीं बसलेले आम्हीही हातांतला चहाचा पेला खालीं ठेवतों. वास्तविक तो मारुती कांहीं मोजीत नाहीं. तो आपल्या जागीं उभा असतो, एवढेंच. परंतु तो जागचा हलत नाहीं म्हणूनच हलणाऱ्या पाण्याविषयीं त्याची साक्ष आम्ही खरी मानतों. त्याला तोंडें दोन आहेत, हा मुद्दा मात्र आम्ही पुढच्यासाठीं राखून ठेवितों.

आमचा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. दहावीनंतर शास्त्राशीं आमचा संबंध सुटला तो सुटलाच, आणि गणिताशीं जो उरला तो पगाराच्या तारखेपुरता. अशा मनुष्याच्या तोंडीं २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत 'सायकल थ्रेशोल्ड' हे शब्द खेळूं लागावे, हा काळाचा महिमा! २०२० च्या आरंभीं संशयिताच्या घशांतील स्रावाचा नमुना तपासावयाचा तर तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठवावा लागे. त्याच वर्षीच्या मार्चमध्यें पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या चाचणीसंचास सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढें वर्षभरांत ही आरटी-पीसीआर नांवाची परीक्षा गल्लोगल्लीं येऊन पोंचली. परीक्षेबरोबर निकाल आला आणि निकालाबरोबर गुणही आले. पूर्वीं दोन गृहस्थ भेटले कीं पत्रिकेंत छत्तीसांपैकीं किती गुण जुळले याची चौकशी होई. आतां 'तुमचा सीटी किती?' अशी होऊं लागली. ज्याचा तिसाच्या वर, तो दाराच्या फटींतून कां होईना, जरा ताठ मानेनें बोले. ज्याचा विसाच्या आंत, त्याच्या दारावरून लोक श्वास रोखून जात.

हा आंकडा म्हणजे काय, हें आम्हांस आमच्या पुतणीनें सांगितलें. ती पुण्यास एका प्रयोगशाळेंत काम करते, आणि त्या दिवसांत तिची रात्रपाळी असे. पहांटे खोलीवर परततांना ती आम्हांस फोन करी. तिला झोंप येऊं नये म्हणून बोलावयास कोणी हवें असे, आणि आमची झोंप त्या महिन्यांत तशीही उडालेलीच होती.

तिनें सांगितलें तें असें. या विषाणूचा जो जनुकीय धागा असतो, त्याची प्रथम एक टिकाऊ नक्कल करतात. मग तिला यंत्रांत घालून सुमारें पंचाण्णव अंशांपर्यंत तापवितात. त्यायोगें दुपेडी धाग्याचे दोन पेड सुटे होतात. मग निववितात, तेव्हां मोजून बनविलेले दोन लहानसे तुकडे त्या पेडांवरील नेमक्या जागा शोधून बसतात, आणि त्यांच्यापुढचा भाग एक विकर भरून काढतें. एकाचे दोन झाले. पुन्हा तापविलें, पुन्हा निवविलें, दोनाचे चार झाले. अशा एका तापविण्या-निवविण्यास एक आवर्तन म्हणतात. दहा आवर्तनांत एकाचे एक हजार चोवीस होतात, विसांत दहा लाखांवर जातात, तिसांत शंभर कोटींच्या पलीकडे. ही युक्ति कॅरी मलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास १९८३ सालीं, कॅलिफोर्नियांतील डोंगरी रस्त्यानें रात्रीं मोटार हांकतांना सुचली, आणि तिच्याबद्दल त्यास १९९३ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आरंभीं प्रत्येक वेळीं तापवितांना बिचारें विकर उष्णतेनें नासून जाई व दरखेपेस नवें घालावें लागे. पुढें यलोस्टोन येथील उष्णोदकाच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूचें विकर हातीं आलें आणि ती अडचण मिटली. आमच्या वज्रेश्वरीच्या कुंडांत आजपर्यंत लोकांनीं केवळ संधिवात बुडविला. त्या तसल्याच पाण्यांत एवढी विद्या लपलेली असेल हें कोणास ठाऊक!

आमचे वडील बंधू येथील करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. १९२८ पासून चालत आलेल्या त्या छापखान्यांत त्यांचा उभा जन्म गेला. हें दुपटीचें गणित त्यांना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "आमचें यंत्र तासाला जितक्या छापी तितक्याच छापी; हिच्या यंत्राचा हिशेब जर नोटांना लावला असता, तर संध्याकाळपर्यंत नोटेंत भेळ बांधून द्यावी लागली असती."

आतां राहिला आंकडा. त्या मिश्रणांत एक चकाकणारें द्रव्य असतें; नकला वाढतील तशी चकाकी वाढते. ती चकाकी आधीं आंखून ठेवलेल्या एका रेषेला ज्या आवर्तनांत लागते, त्या आवर्तनाचा क्रमांक म्हणजे सीटी. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. चकाकीनें उंबरठा कितव्या पावलाला ओलांडला, एवढेंच तो सांगतो.

"म्हणजे पाऊस लागल्यापासून मारुतीच्या कमरेला पाणी किती तासांनीं लागलें, तो आंकडा?" आम्हीं विचारलें.

"अगदीं तोच, काका. वरून लोंढा मोठा असेल तर लवकर लागेल, लहान असेल तर उशिरां. म्हणून आंकडा लहान तितका विषाणू जास्त. आणि दहाचा फरक म्हणजे दहापट नव्हे; हजारपट." क्षणभर थांबून ती पुढें म्हणाली, "पण हा आंकडा माणसाचा नव्हे बरें का. काडीला जें लागून आलें, त्याचा आहे."

हें शेवटचें वाक्य आम्हीं ऐकलें. मनांत मात्र घेतलें नाहीं. आम्हांस उपमा सांपडली होती, आणि वाङ्मयाच्या प्राध्यापकास उपमा सांपडली म्हणजे विषय समजल्यासारखा वाटतो. वास्तविक याच गोष्टीचा इशारा आयसीएमआरनें, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें, २०२० च्या ऑगस्टमध्येंच दिला होता: या आंकड्यावरून रोगाची तीव्रता ठरवूं नका. काडी नाकांत किती खोल गेली, नमुना वाटेंत किती तापला, चाचणीसंच कोणाचा, विषाणूच्या कोणत्या जनुकावर नेम धरला होता, या प्रत्येकानें तो बदलतो. परंतु छापील कागदावर आंकडा दिसला कीं त्याच्या भोंवतींचा मजकूर वाचण्याची संवय आपल्या समाजास नाहीं. आम्हांसही नव्हती.

आतां आमची स्वतःची हकीकत. त्या वर्षीं होळी २८ मार्चला होती, आणि होळीच्या सुमारास आम्हांस दोन दिवस पडसें झालें होतें. काढा घेतला, गेलें. पुढें एप्रिलांत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे एक निवृत्त शिक्षक आजारी पडले. त्यांच्या आमच्या रोज सकाळीं कुंपणावरून गप्पा होत. तेव्हां ९ तारखेस आम्हींही काडी घालून घेतली. प्रकृति उत्तम होती. निकाल हातीं आला तो १२ तारखेच्या संध्याकाळीं. इतकी त्या दिवसांत सर्वत्र गर्दी होती. निकाल होकारार्थी, आणि खालीं आंकडा तेहेतीस.

तेहेतीस! आमच्या डॉक्टरांनीं फोनवरून सांगितलें कीं आंकडा कांहींही असो, खोली सोडूं नका. परंतु आमच्या डोक्यांत तर्कशास्त्र चालू झालें होतें. विषाणू अत्यल्प आहे, हें तेहेतीस सांगतो. अत्यल्प असण्याचें कारण आजार ओसरला आहे. ओसरला आहे तर होऊन गेला असला पाहिजे. आणि होऊन गेला तो होळीला, पडशाच्या रूपानें. किती सुबक अनुमान! विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेंत असें सुबक अनुमान आढळलें म्हणजे आम्ही संशयानें ती पुन्हा वाचतों. आपली उत्तरपत्रिका आम्हीं पुन्हा वाचली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गुढीपाडवा होता. आमच्या मातोश्रींचें वय तेव्हां चौऱ्याऐंशी. पाडव्याला कडुनिंबाचीं कोवळीं पानें, गूळ, ओवा आणि चिंच यांची गोळी आम्हीं आपल्या हातानें तिला द्यावयाची आणि मग तिनें आमच्या पाठीवरून हात फिरवावयाचा, हा आमच्या वडिलांच्या पश्चात् चालत आलेला परिपाठ. सौभाग्यवतींनीं हटकलें. आम्हीं त्यांना तेहेतिसाचा अर्थ समजावून दिला. उंबरठ्याशीं क्षणभर थांबलों, नाहीं असें नाहीं. मग आंत गेलों, आईजवळ बसलों, गोळी तिच्या तोंडांत घातली, आणि ती नेहमींप्रमाणें 'कडूच आहे मेली' म्हणाली तेव्हां हंसलोंही.

त्याच रात्रीं आम्हांस थंडी वाजून ताप भरला.

१४ तारखेस डॉक्टरांनीं पुन्हा नमुना घ्यावयास लाविला. या वेळीं आंकडा आला अठरा. पुतणीला फोन केला. पहिला निकाल तिनें आधीं ऐकला नव्हता. आम्हीं कळविलाच नव्हता. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "काका, तेहेतीस दोनदां येतो. चढतांना येतो नि उतरतांना येतो."

वाचकहो, मारुतीचीं दोन तोंडें हीं अशीं होतीं. कमरेला पाणी लागलें, ही वार्ता पूर चढत असतांनाही खरी आणि ओसरत असतांनाही खरीच. विषाणू शरीरांत चढतो तो झपाट्यानें, दोन-चार दिवसांत. म्हणून चढत्या बाजूचा तेहेतीस एखाद्या दिवसाचा पाहुणा असतो. उतरतो तो मात्र सावकाश. कित्येकांच्या नाकांत मेलेल्या विषाणूंचे तुकडे आठवडेच्या आठवडे राहतात, आणि यंत्राला जिवंत-मृत ही निवड नाहीं. त्यामुळें कोणत्याही शंभर तेहेतिसांत उतरते तेहेतीसच अधिक निघावेत, हें खरें. आणि त्या हिशेबानें आमचें अनुमान अगदींच वेड्याचें नव्हतें, अशी समजूत आम्हीं आपली घालून पाहिली. पुतणीही तसें म्हणाली. परंतु शंभरांचा हिशेब शंभर माणसांसाठीं असतो; आमच्या घरांत आई एकच होती. शिवाय तो आंकडा ९ तारखेचा, आणि आम्हीं त्याचा अर्थ लाविला १२ तारखेस. मारुतीच्या कमरेची बातमी तीन दिवसांनीं ऐकून ज्यानें नदींत पाय घातला, त्यानें नदीस बोल लावूं नये.

१७ तारखेस आईला कणकण आली. तिची चाचणी झाली, आणि आंकडा सतरा. आमच्या पहिल्या आंकड्यापेक्षां सोळांनीं कमी. सोळा वेळां दुप्पट म्हणजे पासष्ट हजार पांचशे छत्तीस पट. आमच्या आयुष्यांतील एवढा मोठा गुणाकार आम्हीं त्या रात्रीं कागदाच्या पाठीवर केला, आणि तो बरोबर आला याचा आनंद झाला नाहीं.

या सतरानें आणखी एक गोंधळ उडविला. त्या दिवसांत छातीची सीटी स्कॅन तपासणी करीत आणि फुप्फुसाच्या पांच भागांना प्रत्येकीं पांचपर्यंत, असे एकूण पंचवीसांपैकीं गुण देत. त्यालाही लोक 'सीटी'च म्हणत. एका सीटींत आंकडा लहान तों वाईट, दुसऱ्या सीटींत मोठा तों वाईट. आणि दोन्हींचा उच्चार एक! सांगलीस आमच्या थोरल्या भगिनीला 'आईचा सीटी सतरा' एवढेंच कळलें, आणि पंचवीसांपैकीं सतरा म्हणजे फुप्फुसें गेलींच, असें समजून त्या घरीं रडारड झाली. आमचे मेहुणे रेमडेसिव्हिरसाठीं औषधाच्या दुकानापुढें रांगेंत जाऊन उभे राहिले. त्या इंजेक्शनाचा तेव्हां महाराष्ट्रभर तुटवडा होता. ज्यांच्या माणसाला तें खरोखरच लिहून दिलेलें होतें अशा कोणाची तरी एक जागा तेवढा वेळ आमच्या घरच्या चुकीच्या सतरानें अडविली होती. फोन लागला तेव्हां त्यांना परत बोलाविलें.

त्या आठवड्यांत नाशिक शहरानें जें पाहिलें तें विसरण्याजोगें नाहीं. २१ तारखेस झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टांकीला गळती लागली, दाब उतरला, आणि विसांहून अधिक रुग्ण दगावले. ही बातमी दूरदर्शनवर चालू असतां आमच्या घरीं आईच्या बोटाला प्राणवायु मोजण्याचा तो लहानसा चिमटा लाविलेला होता, आणि घरांतलीं सारीं माणसें दाराबाहेरून त्याच्या तांबड्या अक्षरांकडे पाहत होतीं. चौऱ्याण्णव, पंचाण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव. त्याच्याखालीं तो आला नाहीं. पांच दिवसांनीं आईचा ताप उतरला. सातव्या दिवशीं तिनें भातावर मेतकूट मागितलें. सतराची आई बरी झाली.

आमचे शेजारी ते शिक्षक, त्यांचा आंकडा एकोणतीस होता. कुंपणावरून तो त्यांनींच आम्हांस हंसत सांगितला होता. त्यांना खाट मिळाली, प्राणवायु मिळाला, सारें मिळालें. महिना संपण्यापूर्वीं ते गेले. एकोणतीस आणि सतरा यांत चार हजारांहून अधिक पटींचें अंतर आहे; तें अंतर कोणाच्या बाजूचें होतें, हें आम्हांस कोणीं विचारूं नये.

याच सुमारास वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती, ती आम्हीं आजारपणांतून उठल्यावर रद्दींतून काढून पुन्हा वाचली. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य खात्यानें आयसीएमआरला विचारलें होतें कीं, होकाराची सीमा सीटी चोविसावर आणावी काय. आयसीएमआरनें उत्तर दिलें कीं तसें करणें योग्य नव्हे. सीमा पस्तीसच राहावी. चोविसावर आणली तर रोग पसरविणारे कित्येक लोक निसटून जातील. विचारणाऱ्यांना आम्ही हंसणार नाहीं. खाटा भरलेल्या, रस्ते रुग्णवाहिकांनीं भरलेले. ज्यांच्या नाकांत केवळ मेलेले तुकडे उरले आहेत त्यांना बाजूस काढतां आलें तर कोणास नको आहे? जगांतल्या जाणत्या शास्त्रज्ञांनींही उतरत्या बाजूच्या लोकांना विनाकारण कोंडून ठेवण्याबद्दल कुरकूर केलीच होती, आणि तिच्यांत तथ्य होतें. परंतु चोवीस ही सीमा असती तर ९ तारखेचा आमचा नमुना नकारार्थी ठरला असता, आणि आम्ही पाडव्याला आईजवळ गेलों असतों तें सरकारी कागद खिशांत घालून. यावर एखादा वाचक म्हणेल कीं पस्तिसाच्या सीमेनें तुमचें काय राखलें? होकार मिळूनही तुम्ही गेलांतच कीं! याला आमच्याजवळ उत्तर नाहीं. एवढेंच म्हणतां येतें कीं पस्तिसानें आम्हांस सांगितलें होतें, आणि चोविसानें सांगितलें नसतें. चूक कोणाच्या नांवें मांडावयाची, हें त्यामुळें आमच्या बाबतींत तरी स्पष्ट झालें.

आईला गोळीची हकीकत ठाऊक आहे. आम्हींच सांगितली. ऐकून ती म्हणाली, "मग तूं द्यायचा नाहींस तर कोण देणार होता?" आणि तो विषय तिनें पुन्हा काढला नाहीं. पुढच्या पाडव्याला आम्हीं गोळी वाटींत घालून चमच्यासह तिच्यापुढें ठेवली, तर चमचा बाजूला सारून तिनें तोंड पुढें केलें.

त्याच वर्षीं, २०२२ च्या जुलैंत, गोदेला मोठा पूर आला. आईनें पूर पाहण्याचा हट्ट धरला. पाऊस थोडा उघडल्यावर तिला मोटारींत घालून, पाणी लांबून दिसेल अशा बेतानें गोदाघाटाच्या वरच्या बाजूस नेलें. गढूळ पाण्यांत मारुती उभा होता; पाणी त्याच्या छातीपर्यंत आलेलें. कांच खालीं करून आई बराच वेळ पाहत राहिली. मग विचारूं लागली, "चढतंय कीं उतरतंय रे?"

आम्हांस सांगतां येईना. जवळच एक दहा-बारा वर्षांचा मुलगा पाण्यालगतच्या पायरीवर विटेच्या तुकड्यानें रेघ ओढून बसला होता. त्याला विचारलें, तर मान वर न करतां म्हणाला, "आत्तांच तर मारली रेघ. थांबा कीं जरा."

आम्हीं मोटार बंद केली. आईनें पिशवींतून शेंगदाण्यांची पुडी काढून त्याच्याकडे एक मूठ पाठविली, आणि आम्ही तिघेंही त्या रेघेकडे पाहत बसलों.